भिंत आणि तिचा खड्डा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला 'यंत्राचं घर', आणि सोबत एक छायाचित्र पाठवलं. ब्रिटनमधल्या वेल्सच्या वायव्य कोपऱ्यात नँटल नावाचं खोरं आहे. तिथल्या डोरोथिया या खाणीवरचं इंजिनघर त्यात दिसत होतं. खाण पाटीच्या दगडाची. १९०४ ते १९०६ या काळात तिथे कँबोर्नच्या होल्मन ब्रदर्सनी बनवलेलं, ६८ इंच व्यासाच्या सिलिंडरचं वाफेचं इंजिन बसवलं गेलं. त्याचं काम एकच, खाणीत साचणारं पाणी उपसून टाकायचं.

त्या घराची बांधणी पाहत मी बराच वेळ घालवला. इंजिनावर भलीमोठी लोखंडी तुळई असते. तिचं एक टोक घराच्या आत सिलिंडरवर, दुसरं टोक बाहेर पाण्याच्या विहिरीवर, आणि मधला टेकू घराच्या एका भिंतीवर. त्यामुळे ती भिंत बाकीच्या भिंतींपेक्षा कितीतरी जाड. तुळई वरखाली होते तेव्हा तिचा सगळा भार आणि हादरा ही भिंत झेलते. म्हणजे घरात यंत्र ठेवलंय असं नाही, घराची भिंत हाच यंत्राचा एक भाग आहे. १९५१ पर्यंत ते इंजिन चाललं, मग विजेचे पंप आले. १९७० मध्ये खाणच बंद झाली, उपसा थांबला, आणि आज तिथे सुमारे शंभर मीटर खोल तलाव आहे. इंजिनघर मात्र पहिल्या श्रेणीचा वारसा म्हणून जपलेलं. २०२१ मध्ये युनेस्कोने वायव्य वेल्सचा पाटीच्या दगडाचा प्रदेश जागतिक वारसा ठरवला, त्यात हे खोरंही आलं.

आपल्याकडे याच्या जवळचं काय, असा प्रश्न संपादकांनी केला होता. मला रत्नागिरीच्या चिरेखाणी आठवल्या, जांभा दगड चौकोनी चिऱ्यांत कापून काढणाऱ्या. तिथे इंजिनघर नाही, धुरांडं नाही, जपावी अशी एकही इमारत खाणीवर नाही. पण दगड आहे, यंत्र आहे, आणि त्या दगडाने आख्ख्या जिल्ह्याची घरं उभी केली आहेत. खाण आणि घर यांचं नातं पाहायचं असेल तर ते इथे पाहावं, असं ठरवून निघालो.

रुळांवरची मशीन

रत्नागिरी सोडून पावसच्या रस्त्याला लागलं की भाट्याचा पूल येतो, मग किनारा, मग चढ. चढ संपला की एकदम सडा. लांबवर पसरलेला काळपट लाल कातळ, मधूनमधून करवंदीच्या जाळ्या, आंब्याच्या बागांचे गडगे. वैशाखातल्या दुपारी या कातळावर उभं राहणं कठीण असतं, पण चिरेखाणी चालतात त्या याच दिवसांत. पावसाळ्यात खाण बंद. मृगाच्या आत जेवढा चिरा निघेल तेवढा निघाला.

खाण दिसण्याआधी ऐकू येते. पात्याचा कर्कश आवाज सड्यावर दूरवर जातो. जवळ गेलं की चौकोनी खड्डा, त्याच्या तळाशी लाल धुरळा, आणि धुरळ्यात तोंडाला फडकं बांधलेली माणसं. खड्ड्याच्या बाजू सरळ तासल्यासारख्या, कोपरे काटकोनात. वरचा कडक, खडबडीत थर जेसीबीने आधीच काढून टाकलेला असतो. तो बांधकामाला निरुपयोगी. त्यात गाठी असतात, भेगा असतात. त्याच्याखाली चांगला दगड लागतो.

मशीनची रचना साधी आहे. तळावर दोन रूळ टाकायचे, त्यावर गाडा, गाड्यावर मोटर आणि मोठं गोल पातं. वीज पोचलेली नसेल तर खड्ड्याच्या काठावर जनरेटर. गाडा रुळांवरून ढकलत नेला की पातं कातळात सरळ चर पाडतं. मग रूळ ठरलेल्या अंतरावर सरकवायचे, पुन्हा चर. एका दिशेने सगळे चर झाले की रूळ आडवे फिरवून दुसऱ्या दिशेने. खाली पाहिलं तर कातळावर चौकटी आखलेल्या दिसतात. आता चिरे चार बाजूंनी सुटे झाले, फक्त बुडाशी चिकटलेले. पूर्वी पहारीने बूड सुटं करायचे, आता बऱ्याच खाणींत त्यासाठी आडव्या पात्याची दुसरी मशीन असते. सुटलेला चिरा उचलायचा, काठावर रचायचा, तिथून ट्रकमध्ये. एका चिऱ्याचं वजन तीस किलोंच्या घरात जातं. तो उचलण्याचं काम मात्र अजून माणसांच्या पाठीवरच आहे.

मशीन येण्याआधी हे सगळं हाताने होत असे. टिकाव, छिन्नी, पहार, आणि मग एकेक चिरा तासून घडवणं. जुन्या घरांच्या उघड्या भिंतीवर हात फिरवला तर हत्याराचे तिरके व्रण लागतात, आणि दोन चिरे नेमके एका मापाचे सापडत नाहीत. नव्या चिऱ्यावर पात्याच्या बारीक, समांतर रेघा असतात. खाणीचंही तसंच. हाताने काढलेली जुनी खाण ओबडधोबड, वेडीवाकडी, आता झाडीने भरलेली. मशीनची खाण म्हणजे जमिनीत कापलेला ठोकळा, जिच्या भिंतींवर थरांच्या आडव्या रेघा वरपासून खालपर्यंत मोजता येतात.

एका खाणीचा दगड संपला की रूळ गुंडाळून टेम्पोत टाकतात, मशीन दुसऱ्या जागी जाते. डोरोथियाचं इंजिन भिंतीशिवाय उभंच राहू शकत नव्हतं. या मशीनला भिंत लागत नाही, छप्पर लागत नाही, पायाही लागत नाही. ती गेली की मागे राहतो तो फक्त खड्डा.

मऊ निघतो, कडक होतो

जांभा हा मुळात काळा कातळच. सह्याद्रीचा बेसॉल्ट लाखो वर्षं मुसळधार पाऊस आणि कडक ऊन यांच्या आळीपाळीत सापडला. पावसाच्या पाण्याने त्यातली सिलिका आणि विरघळणारी द्रव्यं हळूहळू वाहून नेली. मागे उरली लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं. लाल, तांबूस, मध्येच पिवळसर डाग, आणि अंगभर भोकं. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टराने १८०७ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात या दगडाची शास्त्रीय जगाला ओळख करून दिली. त्याने तो पाहिला केरळातल्या अंगाडिपुरमला. लोक त्याआधी कित्येक शतकं या दगडाची घरं बांधत होतेच.

जांभ्याचा खरा गुण बुकाननच्याही नजरेत भरला होता. जमिनीखाली असताना तो इतका मऊ असतो की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो. बाहेर काढून उन्हावाऱ्यात ठेवला की कडक होतो. लोखंडाची संयुगं सुकून घट्ट बसतात आणि दगड आवळला जातो. म्हणून जाणते गवंडी ताजा निघालेला चिरा लगेच भिंतीत लावत नाहीत. काही दिवस तो रचून उन्हात ठेवायचा. हल्ली खाणीतून निघालेला ट्रक थेट बांधकामावर रिकामा होतो, एवढा दम कुणाला नसतो, अशी तक्रार माझ्या कानावर आली.

दुसरा गुण भोकांचा. जांभा पाणी पितो. सड्यावर पडलेला पाऊस भेगा आणि भोकांतून खाली झिरपत जातो, आणि खालच्या पांढरट चिकणमातीच्या थरापाशी अडतो. मग तो आडवा वाहत सड्याच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. कोकणातल्या वाड्या सड्याच्या पायथ्याशी, उताराला का आहेत, याचं एक मोठं कारण हे झरे. सडा ओसाड दिसतो, पण खालच्या विहिरींचं पाणी त्याच्याच पोटातून येतं. चिरेखाणीचा विचार करताना ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून पुढे पुन्हा तिच्याकडे यावं लागेल.

चौदा, नऊ, सात

बाजारात चिऱ्याचं माप साधारण १४ × ९ × ७ इंच. ते नुसतं दगडाचं माप नाही, त्यावर घराचं सगळं गणित बसलेलं आहे. चिरा आडवा लावला तर भिंतीची जाडी ९ इंच आणि थराची उंची ७ इंच. दरवाजाची उंची, खिडकीचा उंबरा, जोत्याचे थर, सगळं या ७ इंचांच्या पटीत बसवलं की चिरा तोडावा लागत नाही. एका वाडीत नव्या घराचं काम चालू होतं, तिथल्या गवंडीकाकांनी सूत ताणून मला थर दाखवले. वरच्या थरातला चिरा खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर मधोमध आला पाहिजे, म्हणजे सांधमोड झाली. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच फुटते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवायच्या. ओळंबा प्रत्येक थराला. पूर्वी मातीच्या चिखलात किंवा चुन्यात बांधायचे आणि भिंत हातभर रुंद ठेवायचे. आता सिमेंट आहे, म्हणून ९ इंचांत भागतं.

घराच्या या सगळ्या रचनेला कोकणातला पाऊस कारण आहे. भोकांचा दगड जमिनीची ओल वर ओढतो, म्हणून जोतं उंच. वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड भिंतीत शिरते, म्हणून छपराची पाखी भिंतीच्या बरीच पुढे आणि खाली उतरलेली, आणि पावसाच्या तोंडाच्या बाजूला झापं बांधलेली. पडवी ही नुसती बसायची जागा नाही, ती आतल्या भिंतीला पावसापासून लांब ठेवते. नळ्यांच्या जागी मंगलोरी कौलं आली ती बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगलोरला कारखाना काढल्यानंतर. कौलाने छप्पर बदललं, भिंत चिऱ्याचीच राहिली.

सरकारदरबारी चिरा मोजतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. वरच्या मापाचा एक चिरा अर्ध्या घनफुटाहून किंचित मोठा, म्हणजे ब्रासमध्ये साधारण दोनशे चिरे बसतात. मी वहीत हिशोब मांडला. तीस फूट बाय तीस फुटांचं साधं घर, आत एकदोन भिंती, दहा फूट उंची. दारं-खिडक्या वजा करून समजा १५०० चौरस फूट भिंत. तिला लागतात सुमारे २२०० चिरे, म्हणजे ११ ब्रास, म्हणजे ११०० घनफूट दगड. हा दगड जमिनीतून काढल्यावर मागे उरणारा खड्डा दहा फूट रुंद, अकरा फूट लांब आणि दहा फूट खोल. म्हणजे घराच्या एका खोलीएवढा. पात्याच्या चरात गेलेला भुगा, तुटलेले चिरे, वर काढून टाकलेला कडक थर हे धरलं तर त्याहून मोठा.

हा हिशोब केल्यापासून मला चिऱ्याचं कुठलंही घर एकटं दिसत नाही. प्रत्येक घराची आणखी एक खोली कुठेतरी सड्यावर आहे. तिला छप्पर नाही आणि ती कुणाच्या सातबाऱ्यावर राहण्याची जागा म्हणून लागलेली नाही.

खंदक आणि विहीर

जुन्या बांधणाऱ्यांनी भिंत आणि खड्डा हे दोन भाग जवळजवळ ठेवले होते. जयगडचा किल्ला पाहिला की हे चटकन लक्षात येतं. तट जांभ्याचा, आणि तटाबाहेर खंदक. खंदकातून निघालेला दगड तटाला लावणं ही किल्लेबांधणीची जुनी रीत. खड्डा जितका खोल, तितकी भिंत उंच, आणि दोन्ही मिळून शत्रूला अडवतात. इथे खड्डा कचरा ठरत नाही, तोही बांधकामच आहे. पूर्णगडाला, रत्नदुर्गाला गेलात तर तटाचे चिरे नीट पाहा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने ते कसे खाल्ले गेलेत आणि तरीही कसे उभे आहेत हे कळतं.

घरांचंही असंच होतं. परसात विहीर खणताना निघालेला दगड जोत्याला, गडग्याला, गोठ्याला वापरायचा. खड्डा पाणी द्यायचा, दगड निवारा द्यायचा. एका घराला पुरेल एवढाच दगड निघत असल्यामुळे खड्डाही घराच्या नजरेसमोर राहायचा. हे मी जुना काळ चांगला म्हणून सांगत नाही. हाताने चिरे काढणारी माणसं त्या काळात किती हलाखीत जगली हे कुणी लिहूनही ठेवलेलं नाही. पण रचना म्हणून ती पुरी होती. मशीन आणि ट्रक आल्यावर भिंत आणि खड्डा यांची ताटातूट झाली. आज रत्नागिरीचा चिरा आंबा घाट चढून कोल्हापूरकडे जातो. भिंत तिकडे उभी राहते, खड्डा इथे राहतो.

उघडा की गिलाव्याचा

शहरात आल्यावर थिबा राजवाड्याकडे वळलो. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार व्हायला १९१० उजाडलं. १९१६ मध्ये राजा वारला, म्हणजे या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षं मिळाली. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार कोरीव लाकडी खिडक्या, रंगीत काचा, आत संगमरवरी फरशीचा नृत्यकक्ष. ब्रह्मी राजाच्या वाड्याला रंग आला तो कोकणच्या मातीचा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर त्यामानाने किती साधं, पण घडणीची अक्कल तीच. उंच जोतं, खाली उतरलेलं कौलारू छप्पर, सावलीत ठेवलेली भिंत.

जांभ्याच्या वास्तू जपायच्या कशा, यावर सगळ्यात मोठा धडा मात्र जुन्या गोव्यात आहे. बॉम जेझसचं चर्च १६०५ मध्ये पूर्ण झालं, आणि त्याच्या जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या योजनेतून तो काढून टाकला गेला. उघडा लाल दगड जुनाट, भव्य दिसतो, असा तो विचार. आज लोकांना ते चर्च तसंच ओळखीचं आहे. पण उघड्या पडलेल्या दगडात दरवर्षी पाऊस शिरतो आणि दगड झिजतो आहे, म्हणून गिलावा परत करावा असं जाणकार सांगत आले आहेत. गवंडीकाकांनी मला हेच आपल्या परीने सांगितलं होतं. पाखीखालचा चिरा उघडा ठेवला तर चालतं, पण पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला गिलावा हवाच. हल्ली रिसॉर्टं आणि बंगले 'कोकणी लूक' म्हणून सपाट स्लॅबखाली उघड्या चिऱ्याच्या भिंती बांधतात. पाखी नाही, पडवी नाही, फक्त लाल दगड. दहा-पंधरा पावसाळ्यांनी त्या भिंती काय बोलतील याची मला काळजी वाटते.

पाणी भरल्यावर

श्रावणात पुन्हा सड्यावर गेलो. वैशाखातला करपलेला कातळ ओळखू येत नव्हता. खोलगट जागांत पाणी, त्याच्या कडेला इवलीशी जांभळी-पांढरी फुलं, शेवाळ, बेडूक. आणि बंद पडलेल्या खाणींत कडेपर्यंत पाणी. वरून पाहिलं तर ती हिरवट, शांत तळी वाटतात. पण त्यांना उतार नाही, पायऱ्या नाहीत, पहिल्याच पावलाला दोन पुरुष खोली. अशा खाणींत गुरं आणि माणसं बुडाल्याच्या बातम्या कोकणातल्या वर्तमानपत्रांत येतात. खाण सोडताना निदान एका बाजूला उताराची वाट कापावी आणि काठाला त्याच खाणीच्या तुटक्या चिऱ्यांचा गडगा घालावा, एवढं तरी प्रत्येक परवान्यात सक्तीने पाळलं गेलं पाहिजे. दगड तिथेच पडलेला असतो, वाहतुकीचाही खर्च नाही.

झऱ्यांचा प्रश्न अधिक अवघड आहे. एखादी उथळ खाण पावसाचं पाणी साठवते, ते हळूहळू झिरपतं, खालच्या विहिरींना उपयोगही होत असेल. पण खाण जांभ्याचा थर संपेपर्यंत खाली नेली, चिकणमाती उघडी पडली, की पाण्याची वाटच बदलते. सड्यावर एकमेकींलगत पाचपंचवीस खाणी झाल्या तर पायथ्याच्या वाडीचा झरा कुठे वळेल हे आधी तपासायला हवं. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१२ मधल्या दीपक कुमार प्रकरणातल्या आदेशानंतर चिऱ्यासारख्या गौण खनिजाच्या छोट्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू लागली. मंजुरीच्या कागदात झऱ्यांचा नकाशा असावा, आणि तो वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून काढलेला असावा. कुठल्या झऱ्याला कितव्या महिन्यापर्यंत पाणी असतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी उन्हातान्हात सडे तुडवून ही शिल्पं शोधली, नोंदवली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांतली नऊ ठिकाणं गेली, त्यापैकी सात रत्नागिरी जिल्ह्यातली: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. कोरीवकाम अगदी वरच्या थरात आहे, म्हणजे चिरेखाणीत जेसीबी सर्वांत आधी जो थर उचलून फेकते, नेमक्या त्याच थरात. म्हणून जेसीबी लावण्याआधी सडा पायी फिरून बघणं, आणि तेही सकाळी किंवा सांजवेळी, उन्हाची तिरीप आडवी असताना, हे काम टाळता येणार नाही. भर दुपारी कोरलेली रेघ डोळ्यांसमोर असून दिसत नाही.

काही शेतकऱ्यांनी जुन्या खाणींचा वापर सुरू केला आहे, तो पाहून बरं वाटलं. सड्यावर आंबा लावायचा तर कातळात खड्डे फोडून बाहेरून माती आणून भरावी लागते. इथे खड्डा तयारच आहे. खाणीतला भुगा, वरची काढून टाकलेली माती, पालापाचोळा यांनी तो थरावर थर भरत आणायचा. एक गोष्ट मात्र चुकवून चालत नाही, असं एका बागायतदार काकांनी बजावलं. तळ तसाच ठेवून माती भरली तर पावसाळाभर मुळं पाण्यात राहतात आणि कलम दोन वर्षांत मरतं. आधी खाणीच्या उताराकडच्या भिंतीला तळापर्यंत चर पाडायचा, पाण्याला वाट करून द्यायची, चरात मोठे तुटके चिरे टाकायचे, मगच माती. त्यांच्या बागेतल्या अशा एका खाणीत कलमं हातभर वाढली होती, आणि चरातून येणारं पाणी खालच्या गडग्यापाशी बांधलेल्या छोट्या टाकीत पडत होतं.